चौथी बॅटरी घेण्याआधी अर्थिंग बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की तीन बॅटऱ्या बदलल्या, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) भरून, म्हणजे वाइंडिंग नवं करून आणला, तरी चार दिवसांत पिकअप सेल्फ घेत नाही. चौथी बॅटरी एवढ्यात घेऊ नका.

माझ्या पिकअपला अगदी हेच झालं होतं. गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आणि मीटर लावला: अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (जिथून चार्जिंगचा करंट बाहेर पडतो) १४.२ व्होल्ट, बॅटरीवर फक्त १३.१. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, करंट वाटेतच मरत होता. मग एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. इथे ०.२ व्होल्टच्या वर जायला नको, मला जवळजवळ १ व्होल्ट दिसला. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) खोलली तर लगखाली, म्हणजे तिच्या टोकाच्या बोल्टच्या कानाखाली, हिरवा चुरा! पॉलिश पेपरने घासून कसून आवळली, त्यानंतर एकदाही धक्का मारावा लागला नाही.

तिथे सगळं नीट निघालं, तर अल्टरनेटरची मागची बाजू बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप तिथेच असतो, त्याचं सील गेलं की ऑइल आत उतरून कार्बन ब्रश खराब होतात. नुसतं भरून आणलं आणि सील तेच ठेवलं, तर पुन्हा तेच होणार.

आकडे मोजून इथे टाका, मिळून शोधू.