मदत हवी आहे: देवनागरी वाचायला टॅबलेट, पीपीआय जवळपास सारखा तरी अक्षरं वेगळी का?

नमस्कार मंडळी,

वडिलांना वाचनासाठी टॅबलेट घ्यायचा आहे. त्यांचं वाचन म्हणजे बहुतेक जुनी मराठी पुस्तकं, स्कॅन केलेल्या पीडीएफ. सिनेमे, गेम काहीही नाही. त्यामुळे माझा एकच निकष आहे: अक्षर स्वच्छ दिसलं पाहिजे, तासभर वाचून डोळे शिणता कामा नयेत.

तीन मॉडेल डोळ्यांसमोर आहेत. ११ इंची आयपॅड एअर (२३६० × १६४०, २६४ पीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे पिक्सेल), गॅलेक्सी टॅब एस९ (२५६० × १६००, सुमारे २७४ पीपीआय) आणि ८.३ इंची आयपॅड मिनी (२२६६ × १४८८, ३२६ पीपीआय). कागदावर मिनी सरळ जिंकतो. पण ओळखीच्यांकडची ही तिन्ही यंत्रं शेजारी ठेवून एकच स्कॅन उघडला, तर वडिलांना मिनीवर वाचायला सर्वांत जास्त त्रास झाला. 'द्ध' आणि 'द्व', 'घ' आणि 'ध' यांत त्यांची गल्लत होत होती, अनुस्वार तर कुठे कुठे दिसतच नव्हता. उरलेल्या दोघांत आकड्यांचा फरक नगण्य, तरी एकावर अक्षरांच्या कडा किंचित खरखरीत वाटल्या. त्या यंत्रावर कागदासारखा स्पर्श देणारी मॅट फिल्म लावलेली होती, हे सांगायला हवं.

प्रश्न असे:

पीपीआय जास्त असूनही वाचणं अवघड का गेलं? मॅट फिल्मचा परिणाम खरंच इतका होतो का? आणि ॲमोलेडवर (ओलेड प्रकारचा, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पडदा) बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात असं ऐकलं, ते कितपत खरं?

रोज टॅबलेटवर वाचणाऱ्यांनी अनुभव सांगावा, विशेषतः देवनागरीचा. इंग्रजी मजकुराच्या तुलना भरपूर सापडतात, पण वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांचा विचार त्यांत नसतो.

प्रतिसाद १

पीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, एवढंच. अक्षर केवढं दिसेल, हे त्यावरून कळत नाही.

समजा, छापील पान साडेपाच इंच रुंद आहे आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलंय. म्हणजे रुंदीत १६५० पिक्सेल. उभ्या धरलेल्या एअरची रुंदी १६४० पिक्सेल, म्हणजे जवळजवळ एकास एक, आणि पान छापल्यापेक्षा थोडं मोठंच दिसतं. मिनीची रुंदी साडेचार इंचांच्या आसपास, त्यामुळे तेच पान आक्रसून साधारण ८३ टक्के होतं. अनुस्वाराचा ठिपका आणि 'ध'ची गाठ आधी तिथेच मार खातात. वडिलांना चाळिशीचा चष्मा असेल तर अक्षराचा आकार पिक्सेलपेक्षा महत्त्वाचा.

तीक्ष्णतेचं म्हणाल तर, सर्वसाधारण चांगली दृष्टी एक कलामिनिट (एका अंशाचा साठावा भाग) एवढा बारकावा ओळखते असं धरतात. त्या हिशोबाने १२ इंचांवरून सुमारे २८६ पीपीआय लागतात, १५ इंचांवरून २२९ पुरतात. टॅबलेट मांडीवर ठेवून वाचणाऱ्याला २६४ आणि २७४ यांत फरक कळणार नाही.

स्कॅनच १५० डीपीआयचा असेल तर कुठलाच पडदा तो सुधारू शकत नाही. हे तपासायला त्याच यंत्रावर युनिकोडमधला (चित्र नसलेला, टाइप केलेला) मजकूर तेवढ्याच आकारात उघडा. तो लख्ख दिसला आणि स्कॅन धूसर, तर दोष फाइलचा.

प्रतिसाद २

मॅट फिल्मबद्दल: होय, फरक पडतो. तिचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे चकाकी कमी होते पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक कण दिसतात आणि कडा मऊ पडतात. पेनाने लिहायला ती छान, फक्त वाचायचं असेल तर मी लावणार नाही. आधी फिल्म काढून पाहा आणि मगच त्या मॉडेलबद्दल मत बनवा.

रंगीत कडांचं: काही ओलेड पडद्यांत प्रत्येक पिक्सेलला हिरवा उपपिक्सेल (पिक्सेलचा एकरंगी भाग) पूर्ण मिळतो, लाल आणि निळे मात्र निम्मेच असतात. बारीक काळ्या रेघेच्या कडेला याचा परिणाम दिसू शकतो. घनता वाढली की तो नजरेआड होतो. दुकानात पाहताना शिरोरेषा आणि 'र्य'वरचा रफार जवळून पाहा, रंगाची झाक असेल तर तिथेच दिसेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फिल्म काढायची परवानगी मिळाली. कडांची खरखर गेली, आता एअर आणि टॅब एस९ यांत वडिलांना फरक सांगता येत नाही. युनिकोडची चाचणीही केली: मजकूर सगळीकडे स्वच्छ, धूसरपणा ठरावीक पुस्तकांतच. मिनी यादीतून काढला.

आता एवढंच विचारतो: १५० डीपीआयचे जुने स्कॅन कॉन्ट्रास्ट वाढवून थोडे तरी सुवाच्य करता येतात का, आणि त्यात अनुस्वार पुसले जात नाहीत ना? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.