डावा इंडिकेटर दिला तरी चारही ब्लिंक होतात (पुरात बुडालेली गाडी)

पिग्मीवाला_चिपळूण
नमस्कार मंडळी. गाडी १०० सीसी, २००८ची, वडिलांची. मी पिग्मी गोळा करतो. रोज संध्याकाळी बाजारपेठ, बहादूरशेख नाका, मग खेर्डी, म्हणजे सारखं वळणं आणि थांबणं. २२ जुलै २०२१च्या पुरात गाडी टाकीपर्यंत पाण्यात होती. इंजिन उघडून साफ केलं, वायरिंग मात्र फक्त उन्हात वाळवलं.

यंदा मे महिन्यात डावा इंडिकेटर ब्लिंक व्हायचा बंद झाला. पुढचा नुसता पेटून राहायचा, मागचा काजव्याएवढा. उजवा ठणठणीत. मेकॅनिकने फ्लॅशर (इंडिकेटर ब्लिंक करवणारी डबी) बदलला. ब्लिंक सुरू झालं, पण मागचा डावा मंद तो मंदच. मग म्हणाला, बल्ब म्हातारे झालेत, चारही एलईडी टाकू. टाकले. आता चारही झकास पेटतात, पण डावा दिला तरी चारही आणि उजवा दिला तरी चारही! काल खेर्डीत मागचा रिक्षावाला ओरडला, "भाऊ, कुठं जायचं ते आधी घरी ठरवून निघा."

मीही एक पराक्रम केला. अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा जोड) कमी पडतोय असं वाटून हेडलाइटच्या डूममधली, म्हणजे दिव्यामागच्या खोळीतली, काळी वायर चेसिसला लावली. फ्यूज गेला. मल्टिमीटर आहे माझ्याकडे, वापरायला थोडाफार येतो. सुरुवात कुठून करू?

एक्सलरेटर_केबल
फ्लॅशर डुप्लिकेट असणार. चांगला टाक, नाहीतर प्रत्येक बाजूला लोड रेझिस्टर लाव, म्हणजे जुन्या बल्बएवढा करंट ओढणारा रेझिस्टर. माझ्या गाडीला लावलेत, दोन वर्षं काही नाही.

जुना_वायरमन_सांगली
पिग्मीवाले, तुझ्या गाडीला एक नाही, दोन दुखणी आहेत आणि दुसऱ्याने पहिलं झाकलंय. जुने बल्ब फेकले नसशील तर आधी ते परत टाक. १२ व्होल्ट १० वॅटचेच बघून घे.

काळ्या वायरची चूक तुझी एकट्याची नाही. घरातल्या टीव्ही-रेडिओच्या सवयीने काळी म्हणजे निगेटिव्ह असं डोक्यात बसलेलं असतं. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह. अर्थ हिरवी. डावा नारिंगी, उजवा आकाशी, आणि फ्लॅशरकडून स्विचकडे जाते ती राखाडी. तुझ्या गाडीचे रंग असेच आहेत का ते बघून सांग.

असतील तर फ्लॅशर त्याच्या कपलरमधून (वायर जोडायच्या सॉकेटमधून) काढ आणि कपलरमधली काळी व राखाडी वायरच्या तुकड्याने जोड. चावी चालू, डावा दे. आता ब्लिंक न होता दोन्ही बल्ब सलग पेटतील. सगळं मोजमाप याच अवस्थेत करायचं, कारण ब्लिंक होताना मीटरचा आकडा नाचत राहतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब मागच्या डाव्या होल्डरच्या अर्थला. बल्ब जागेवर आणि पेटलेला हवा. आकडा सांग.

पिग्मीवाला_चिपळूण
काका, रंग अगदी तुम्ही म्हणता तसेच आहेत. पण अर्थ मी आधीच तपासला होता. कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते बझरने सांगणाऱ्या सेटिंगवर) लावला तर मीटर वाजतो.

जुना_वायरमन_सांगली
वाजणारच. बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजतो. मीटर मोजायला चिमूटभर करंट सोडतो, तेवढा गंजलेल्या दोन धाग्यांतूनही जातो. १० वॅटच्या बल्बला पाऊण-एक अँपिअर लागतो. तो त्याच जोडातून न्यायला गेलं की अर्धे व्होल्ट वाटेतच संपतात. एलईडी त्याच्या एक दशांशावर भागवतो, म्हणून तो लख्ख पेटला आणि तुला वाटलं बरं झालं. म्हणूनच म्हटलं, बल्ब पेटलेला ठेवून मोज.

पिग्मीवाला_चिपळूण
मोजलं. बॅटरी १२.४. मागच्या डाव्या होल्डरचा अर्थ: ५.६ व्होल्ट! पुढच्या डाव्याचा ०.१. मागच्या उजव्याचा, उजवा देऊन, ०.३.

जुना_वायरमन_सांगली
सापडला चोर. चांगल्या अर्थवर तिथे ०.२च्या आत यायला हवं. आता लाल प्रोब त्याच हिरव्या वायरवर मागून पुढे सरकवत ये. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा धाडकन पडेल तो जोड खराब. बहुतेक सीटखालचा बुलेट कनेक्टर (एकात एक खुपसायचा गोल जोड) असेल. तो नुसता ओढून परत खुपसू नकोस, चार दिवस चालेल आणि ऐन पावसात पुन्हा बसेल.

एक्सलरेटर_केबल
ठीक आहे, पण एलईडी टाकल्यावर चारही का पेटतात ते सांगाल का? माझेही तसेच व्हायचे, रेझिस्टर लावल्यावर थांबले.

जुना_वायरमन_सांगली
मीटर कन्सोलमध्ये इंडिकेटरचा एकच छोटा दिवा आहे ना, डाव्या-उजव्याला मिळून? त्याला स्वतःचा अर्थच नाही. एक टोक नारिंगीला, दुसरं आकाशीला. डावा दिला की करंट नारिंगीतून त्या दिव्यात आणि तिथून उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थला. थंड फिलामेंट म्हणजे जवळजवळ नुसती तार, त्यामुळे छोटा दिवा पूर्ण पेटतो आणि उजवे बल्ब तेवढ्याशा करंटवर पेटत नाहीत. त्यांच्या जागी एलईडी घाल, त्याला तेवढं पोटभर होतं. झाले चार.

तुझ्या रेझिस्टरने थांबलं ते बरोबर आहे, त्याने फिलामेंटची जागा घेतली. पण तो दहा वॅटच्या आसपास तापतो. प्लॅस्टिकला किंवा हार्नेसला (वायरच्या जुडग्याला) टेकलेला नाही ना, एकदा बघून घे. माझी पद्धत वेगळी. कन्सोलच्या दिव्याची दोन्ही टोकं सोडवायची. नारिंगीला एक आणि आकाशीला एक, असे दोन वन एन ४००७ डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे), पांढऱ्या पट्ट्याची बाजू दिव्याकडे, दोन्ही मिळून दिव्याच्या एका टोकाला. दुसरं टोक हिरव्याला. डायोड किरकोळ पैशात मिळतात, वेळ जातो तो कन्सोल उघडण्यात. सोबत फ्लॅशर मात्र लोडवर, म्हणजे बल्ब किती करंट ओढतात त्यावर, न चालणारा हवा, तो पिग्मीवाल्याकडे आता आहेच. मिनिटाला ६० ते १२० वेळा ब्लिंक झाला म्हणजे नियमात बसलं.

पिग्मीवाला_चिपळूण
काका, रविवार सत्कारणी लागला. सीटखाली टूलकिटच्या मागे हिरव्या वायरचा बुलेट होता. प्लॅस्टिकची टोपी सरकवली तर आत तांबं दिसेचना, नुसती हिरवट भुकटी. आजीच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक कळकायचं ना, अगदी तसा रंग. त्यात पुराची माती, चार वर्षांची. बोट लावलं तर वायर सुटून हातात आली. वायर दोन इंच मागे कापली तर आतले धागेही काळे, आणखी दोन इंच कापली तेव्हा कुठे चकचकीत तांबं लागलं. नवीन तुकडा जोडून सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. आता तिथे ०.०८ व्होल्ट!

तुम्ही न सांगता उजव्या बाजूचाही बुलेट उघडला. तोही हिरवाच. मागे लागला असता लवकरच, म्हणून तोही कापला.

सध्या जुनेच बल्ब चालू आहेत. डावा म्हणजे डावा. एलईडी मेकॅनिक परत घेत नाही, ते बिस्किटाच्या डब्यात. उरलेल्या बुलेट कनेक्टरना ग्रीस लावून ठेवू का?

जुना_वायरमन_सांगली
लाव, पण आधी पॉलिश पेपरने घासून जोड घट्ट बसव आणि मग वरून लाव. चिखलावर ग्रीस फासलंस तर चिखलच जपशील. आणि हेडलाइटच्या डूममधले कपलरही एकदा उघड, पाणी टाकीपर्यंत होतं म्हणतोस ना.