कुट्टीत तुटलेले बोट कसे न्यावे

कडबा कुट्टीच्या यंत्रात तुटलेले बोट थेट बर्फात ठेवावे, असे काही जण सुचवतात. ते योग्य नाही. बर्फाच्या स्पर्शाने पेशी गोठून मरतात, म्हणून बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटात स्नायू नसल्यामुळे असे थंड राखल्यास साधारण २४ तासांपर्यंत ते जोडण्याची शक्यता उरते. मनगटापासून तुटलेल्या हाताला मात्र मुदत बरीच कमी. चोपडा किंवा शिरपूरहून निघण्यापूर्वी, सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या शिवणारा हस्तशल्यचिकित्सक कोठे उपलब्ध आहे हे फोनवरून विचारावे, अन्यथा धुळे की जळगाव या घोळातच वेळ जातो. चिरडलेले बोट (कुट्टीत बहुधा तसेच होते) जोडता येईलच असे नाही, तरीही तुकडा टाकून देऊ नये. त्याची त्वचा कामी येऊ शकते.