मोरे-खेडकर भावकी ग्रुप : सखारामाची लाल रेघ

बापूकाका (गाव), सकाळी 7.12
सर्वांना सप्रेम नमस्कार. काल रात्री चि. विनूने घराण्याच्या पुस्तकासाठी केलेला जो वंशवृक्ष ग्रुपवर टाकला, त्यात भिकाजींचा धाकटा मुलगा सखाराम याच्या नावाखालून लाल रेघ काढून ती थेट मॉरिशसपर्यंत नेली आहे आणि तिच्या टोकाला सात पिढ्या टांगल्या आहेत. माझ्या वडिलांच्या वहीत सखारामापुढे 'निपुत्रिक' असा स्पष्ट शब्द आहे. भावकीतील एकाही वडीलधाऱ्याला न विचारता परक्या मुलखातील माणसे घराण्यात घेण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे मला समजलेले नाही. ती रेघ आज संध्याकाळपर्यंत काढून टाकावी, ही नम्र विनंती.

रमाकाका (डोंबिवली), 7.20
बापूदादांनी संदेश पाठवायला वेळही नेमकी सात-बाराची निवडली आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

विनू (पुणे), 8.04
काका, नमस्कार. आपल्याला विचारायला हवे होते, ही माझी चूक झाली. मात्र रेघ हवेतून काढलेली नाही. मॉरिशसच्या ज्या गृहस्थांनी मला पत्र लिहिले, त्यांचे आडनाव 'सखाराम' असे आहे. तिथे मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे आणि हिंदुस्थानातून करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या त्या संस्थेत जपलेल्या आहेत. तिथून त्यांनी आपल्या मूळ पुरुषाची नोंद मिळवली आहे. तिच्यात मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, गलबत, उतरल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठवले त्याचे नाव असे रकाने आहेत. नाव सखाराम, बापाचे नाव भिकाजी, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी, वय 22, डाव्या गुडघ्यावर व्रण, साल 1855. त्यांत आडनावाचा रकानाच नाही.

बापूकाका, 8.11
आडनावाचा रकानाच नसेल, तर तो मोरे होता हे कशावरून ठरवले? रत्नागिरी जिल्ह्यात त्या काळी भिकाजीचे सखाराम गावोगावी असतील.

अण्णा (दादर, ॲडमिन), 8.40
बापूचा प्रश्न रास्त आहे, आणि या शोधातील खरी अडचण तीच आहे. आपण आडनाव घेऊन शोधायला निघतो आणि तिथल्या कागदांत ते नसतेच. मजुराचे जे एकेरी नाव कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिले, तेच मुलानातवंडांचे आडनाव होऊन बसले. म्हणूनच तिकडे बाबाजी, रामजी, सखाराम ही आडनावे आहेत आणि आपल्या लक्ष्मणाचे 'लुक्सिमॉन' झाले आहे. दोन सख्खे भाऊ दोन मळ्यांवर गेले, तर दोघांच्या वंशजांची आडनावे वेगळी होतात आणि चौथ्या पिढीला आपण भावकी आहोत याचा पत्ताही राहत नाही. तेव्हा अशा शोधात बापाचे नाव, गाव, गलबताची तारीख आणि गुडघ्यावरचा व्रण यांचाच आधार असतो. 1860 च्या दशकात मजुरांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात झाली. आपला सखाराम, तो आपला असलाच तर, त्याच्या आधीच उतरलेला आहे.

रमाकाका, 8.46
पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचे छायाचित्र विनूने मला दाखवले आहे. नाक थेट बापूदादांचे आहे. हा पुरावा धरावा की नाही, ते ॲडमिन महोदयांनी ठरवावे.

बापूकाका, 8.52
थट्टा नंतर करावी. माझ्या वडिलांच्या वहीत सखारामापुढे 'निपुत्रिक' असा स्पष्ट शब्द आहे. रेघ काढावी.

धाकटी वहिनी (चिपळूण), 9.10
मध्येच लिहिते, त्याबद्दल क्षमस्व. गणपतीची वर्गणी अजून नऊ घरांची यायची आहे. ज्यांनी दिली नाही, त्यांना आपण कोण ते ठाऊक आहेच.

नंदाआत्या (ठाणे), 9.35
बापूदादा, एरवी मी तुला एकेरी हाक मारते, परंतु आज 'तुम्ही' म्हणते, म्हणजे मी काय लिहिते आहे ते नीट वाचले जाईल. आडनाव नाही म्हणून माणूस आपला नाही, असे तुम्ही म्हणता. मग आम्ही कोण आहोत? माझे आजोबा गिरणीत लागायला मुंबईस गेले, तेव्हा खात्यात आधीच चार मोरे होते, म्हणून मुकादमाने त्यांना गाव विचारून 'खेडकर' लिहिले. खेड हा आपला तालुका आहे, गाव नव्हे, एवढेसुद्धा त्या मुकादमाने पाहिले नाही. पुढे तेच शाळेच्या दाखल्यावर आले, रेशनकार्डावर आले आणि आज माझ्या भावाची नातवंडे अमेरिकेत खेडकर म्हणून वाढत आहेत. एकाचे नाव गिरणीतल्या मुकादमाने बदलले, दुसऱ्याचे पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या कारकुनाने. खेड ते परळ गेलेला घरचा आणि पुढे समुद्र ओलांडून गेलेला परका, हा हिशेब मला कळत नाही.

बापूकाका, 9.41
तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या आजोबांना गावाने डोळ्यांनी पाहिले होते.

नंदाआत्या, 9.44
पाहिले होते, तरीही खेडकर आणि मोरे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करताना तुमच्या वडिलांनी सही द्यायला अकरा महिने लावले होते. मी ते उकरून काढणार नव्हते.

अण्णा, 9.50
नंदा, बापू, दोघांनाही विनंती आहे की जुन्या वारसनोंदीचा विषय इथे नको. वंशवृक्षापुरतेच बोलावे.

बापूकाका, 10.02
वंशवृक्ष आणि वारसनोंद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे शहरात राहणाऱ्यांनाच वाटते. तलाठ्याच्या कचेरीत वारस लावताना पहिल्यांदा वंशावळच मागतात. आज पुस्तकात छापलेली रेघ उद्या कोणी फेरफाराला जोडली तर? मार्च 2024 मध्ये आपल्या राष्ट्रपती मॉरिशसला गेल्या असता, तिथल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, कार्ड देण्याची घोषणा झाली, हे मीही वाचले आहे. विनूने मोजून सातच पिढ्या टांगल्या आहेत. हा योगायोग असावा, असे मी समजून चालतो.

विनू, 10.20
काका, कार्डासाठी त्यांना पूर्वज हिंदुस्थानातून आल्याचा कागद लागतो, आणि तो त्यांच्याच सरकारच्या दप्तरात आहे. आपल्या वंशवृक्षाची त्यांना त्यासाठी गरज नाही. शिवाय ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन खरेदी करता येत नाही.

बापूकाका, 10.23
खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने घेता येते. अर्धे वाचून अर्धे सांगू नये.

रमाकाका, 10.31
सामाईकातली आंब्याची अकरा कलमे, त्यांतली चार वांझोटी, आणि वाटेकरी आज त्रेपन्न. मॉरिशसची मंडळी विमानाचे भाडे खर्चून त्यांतला वाटा घ्यायला येणार असतील, तर मी माझा हिस्सा त्यांना आताच देऊन मोकळा होतो.

सायली (टोरोंटो), 10.38
काका, इथे रात्र आहे, पण ग्रुप वाचते आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. मोऱ्यांतील एका पुरुषाची आणि त्या गृहस्थांची चाचणी केली, तर दोघांचा मूळ पुरुष एक असण्याचा संभव किती, ते कळेल. तो नेमका कितव्या पिढीतला, हे मात्र चाचणी सांगणार नाही. भिकाजी असेल किंवा भिकाजींचा खापरपणजाही असेल. नमुना म्हणून फक्त थोडी लाळ लागते.

रमाकाका, 10.40
बापूदादांची लाळ मिळवण्यापेक्षा त्यांच्या बागेतली हापूसची पेटी फुकट मिळवणे सोपे आहे.

बापूकाका, 10.45
माझ्या वडिलांच्या वहीत सखारामापुढे 'निपुत्रिक' असा स्पष्ट शब्द आहे.

अण्णा, 11.15
आता वहीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. ती वही 1974 ची आहे आणि बापूच्या वडिलांनी ती माझ्यासमोर लिहिली आहे. 'निपुत्रिक' हा शब्द त्यांनी कोणाकडून ऐकून लिहिला नव्हता. तांब्याच्या डब्यात खोताकडची एक मोडीतली कुळांची यादी आहे, शके 1779 ची, म्हणजे 1857-58 मधली. तीत भिकाजी बिन राघोजी मोरे या कुळाखाली तीन मुलांची नावे आहेत आणि 'सखाराम बिन भिकाजी' यापुढे एक शेरा आहे. त्या शेऱ्याचे पहिले अक्षर वाळवीने खाल्ले आहे. राहिले आहे ते '…रसास गेला' एवढेच. खेडच्या ज्या मोडीवाचकाकडे यादी नेली होती, त्याने ते 'वारसास गेला' असे लावले. त्यावरून सखाराम मेला आणि त्याचे जे काही होते ते वारसास, म्हणजे थोरल्या भावास गेले, असा अर्थ काढून काकांनी 'निपुत्रिक' लिहिले. तेव्हा आम्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

विनू, 11.32
अण्णा, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मी मोडीचा वर्ग केला होता, त्यामुळे त्या यादीचे छायाचित्र मी पुन्हा मोठे करून पाहिले. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि लेखणी न उचलता ओळ पुढे जाते, हे खरे. परंतु 'हिस्सा' किंवा 'जमीन' असा शब्द त्या ओळीत कुठेही नाही. कर्ता सखाराम हाच आहे. माणूस वारसास कसा जाईल? त्याच यादीत वरच्या दोन कुळांपुढे 'मुंबईस गेला' आणि 'घाटावर गेला' असे शेरे आहेत. म्हणजे हा रकाना परागंदा कुळे कुठे गेली हे सांगणारा आहे.

नंदाआत्या, 11.36
मग ते अक्षर कोणते?

अण्णा, 11.58
माझी आजी दाणेदार पांढऱ्या साखरेला 'मोरस साखर' म्हणत असे. मॉरिशसहून येणारी ती मोरस. गुजरातीत तर साखरेला आजही मोरस म्हणतात. त्या काळी आपल्या लोकांच्या तोंडी त्या बेटाचे नाव मोरस असेच होते. वाळवीने 'वा' खाल्ला की 'मो' खाल्ला, एवढाच प्रश्न आहे.

सायली, 12.01
मोरसास गेला!

रमाकाका, 12.03
आयुष्यभर चहात सखारामाचा घाम ढवळून प्यायलो आणि पत्ता नाही.

बापूकाका, 12.20
वाळवीने खाल्लेल्या अक्षरावर घराणे उभे करू नये. तिथे 'मो' होता, हे कोणी पाहिले आहे?

नंदाआत्या, 12.22
तिथे 'वा' होता, हे तरी कोणी पाहिले होते? त्याच अक्षरावर पन्नास वर्षे वही उभी आहे.

बापूकाका, 12.24
माझ्या वडिलांच्या वहीत सखारामापुढे 'निपुत्रिक'

बापूकाका, 12.24
वरील संदेश चुकून अर्धाच गेला.

धाकटी वहिनी, 12.50
आता आठ घरे राहिली. रमाभाऊजी, आपले आले, धन्यवाद.

अण्णा, दुपारी 2.15
माझा विचार मांडतो. नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा आणि साल जुळते. गाव जुळत नाही, कारण त्या नोंदवहीतल्या गावाच्या नावाचे स्पेलिंग असे आहे की, ते आपल्या गावालाही लागते आणि दापोलीकडच्या दोन गावांनाही लागते. तेव्हा छापील वंशवृक्षात पक्की लाल रेघ नको. तुटक रेघ द्यावी आणि खाली नोंदवहीतला मजकूर व मोडी शेरा, दोन्ही जसेच्या तसे छापावेत. सखारामापुढचा 'निपुत्रिक' हा शब्द मात्र काढावा. तो कोणत्याही कागदात नाही. त्र्यंबकेश्वरच्या आपल्या क्षेत्रोपाध्यांच्या बाडात भिकाजींच्या मुलांपैकी कोणी येऊन गेल्याची सही किंवा निशाणी आहे का, ते पाहायला विनूने पुढच्या महिन्यात जावे. एखाद्या भावाने 'बंधू सखाराम मोरसास' असे सांगून ठेवले असेल, तर प्रश्न मिटेल.

विनू, 2.20
अवश्य जाईन. काका, आपण बरोबर याल का? आपल्या घराण्याची सगळी नावे आपल्यालाच पाठ आहेत.

रमाकाका, 2.31
बापूदादांनी संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत आहेत. उत्तर येईपर्यंत सर्वांनी जेवून घ्यावे.

बापूकाका, सायंकाळी 6.40
दुपारी बागेत होतो. त्र्यंबकेश्वरचे पाहू. मूळ यादी माझ्याकडे डब्यात आहे. तुम्ही ज्याच्यावर वाद घालता आहात, ते छायाचित्र फार तर दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लग्नाच्या गडबडीत काढलेले आहे. मूळ कागदावर वाळवीच्या भोकाच्या वरच्या अंगाला शाईचा एक लहान फराटा शिल्लक आहे, तो छायाचित्रात आलेला नाही. मी आत्ता भिंग लावून पाहिला. तो काय आहे, हे मी सांगणार नाही. विनूने स्वतः येऊन पाहावे. मला मोडी येत नाही.

विनू, 6.42
काका, रविवारी सकाळी येतो.

बापूकाका, 6.55
एक विचारायचे राहिले. त्या लोकांकडे गणपती बसतो का?

विनू, 7.01
बसतो, काका. तिथे गणपतीची सरकारी सुट्टी असते. हे गृहस्थ पूजेनंतर आरत्या मराठीत म्हणतात आणि रात्री त्यांच्या वाडीत 'झाकरी' असते. व्हिडिओ पाहिला, तर ती आपली जाखडीच आहे, पाय तसेच पडतात. दुसऱ्या दिवशी समुद्रावर नेऊन विसर्जन करतात. त्यांच्याकडे दीड दिवसाचा असतो.

बापूकाका, 7.04
दीड दिवसाचा. मग ते आपले नव्हेत. आपला गौरीबरोबर जातो.

नंदाआत्या, 7.06
बापूदादा, आपलाही दीड दिवसाचाच होता. तुझा जन्म झाला, तेव्हा तुझ्या वडिलांनी नवस फेडायला गौरीपर्यंत ठेवला आणि मग तीच रीत पडली. आईने मला सांगितले होते.

धाकटी वहिनी, 7.15
सात घरे राहिली आहेत.

बापूकाका, 7.48
वीज गेली होती, म्हणून उत्तर देता आले नाही. विनू, रविवारी येताना चांगले भिंग घेऊन ये. माझ्या भिंगाला तडा आहे.