जुनी लक्झरी एसयूव्ही: डिझेल घ्यावी की पेट्रोल?

कर्वेनगरी (धागालेखक)

मंडळी, घरात महिनाभर एकाच विषयावर वाद चाललाय, म्हणून इथे टाकतो. बजेट 50 ते 55 लाख, गाडी सेकंडहँड. दोन गाड्यांवर येऊन अडकलोय. एक मर्सिडीज जीएलई 300 डी, 2021 ची, दोन लिटर डिझेल, 48 हजार किमी. दुसरी ऑडी क्यू7, 2022 ची, तीन लिटर व्ही6 पेट्रोल, 31 हजार किमी. क्यू7 डिझेलमध्ये बघावी म्हटलं तर 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस6 (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आलं तेव्हा ऑडीने भारतातून डिझेलच काढून घेतलं, म्हणजे त्याहून जुनी घ्यावी लागेल. ती नको.

वापर: रोज ऑफिस, कर्वेनगर ते बाणेर. अंतर आठ-नऊ किलोमीटर, वेळ विद्यापीठ चौकाच्या मर्जीवर. महिन्यातून एकदा गावी, कराडच्या पुढे. वर्षाला साधारण 12 हजार किमी. बाबांचं ठाम मत, "एवढी मोठी गाडी घ्यायची तर डिझेलच." बायको पेट्रोलच्या बाजूने. मी मधे.

सह्यवाट

बाबांचं ऐका. गाडीचं वजन दोन टनांच्या वर आहे, त्यात पाच माणसं आणि गावाहून येताना तांदळाची पोती. पेट्रोल शहरात लिटरला पाच-सहा किमीच्या वर देणार नाही. हायवे धरून सरासरी 7 धरा, डिझेलची 10. पुण्यात पेट्रोल 104 च्या आसपास, डिझेल 91. बारा हजार किमीला डिझेलचे 1 लाख 9 हजार, पेट्रोलचे 1 लाख 78 हजार. म्हणजे दर वर्षी 69 हजार पंपावर जास्त. पाच वर्षांत साडेतीन लाखांच्या घरात. हिशेब समोर आहे. शिवाय खंबाटकी घाटात डिझेलचा टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) काय असतो ते पेट्रोलवाल्यांना सांगून कळायचं नाही.

चारचाकी_आजी

@सह्यवाट, टॉर्कचं गाणं जुनं झालं हो. दोन्ही गाड्यांचे कागद काढून बघा. जीएलई 300 डी चा टॉर्क 500 न्यूटन-मीटर आणि या क्यू7 चाही 500. ऑडीचा तर 1400 आरपीएमच्याही आधीपासून मिळतो आणि 4500 पर्यंत टिकतो. ताकद एकीकडे 245 अश्वशक्ती, दुसरीकडे 340. पेट्रोलला जेव्हा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसायचा तेव्हाची तुमची समजूत आहे.

धागालेखकाच्या बाबांचंही मी समजू शकते. 2012 च्या सुमारास डिझेल पेट्रोलपेक्षा तीसेक रुपयांनी स्वस्त होतं, तेव्हा डिझेल न घेणारा वेडा ठरायचा. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव सरकारने मोकळे केले आणि ती मजा संपली. आता उरले तेरा रुपये. 55 लाखांची गाडी घेणाऱ्याने महिन्याला पाच-सहा हजारांसाठी दोन लिटरच्या चार सिलिंडरची खरखर ऐकायची? सहा सिलिंडर मिळत असताना? मी स्वतः पेट्रोल चालवते, वय 63, आणि सिग्नलला इंजिन चालू आहे का बंद ते काटा बघून ठरवावं लागतं. त्यासाठीच तर पैसे मोजले.

ऊसवाला_शिरोळ

पेट्रोलवाले एक गोष्ट सोयीस्कर विसरायलेत. पंपावर आता मिळतंय ते ई20. वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक-तृतीयांश कमी असते, म्हणजे ॲव्हरेज आणखी घसरणार. आणि गाडी 2022 ची. ई20 ला चालणाऱ्या सामानाच्या गाड्या देणं कंपन्यांना लागू झालं ते एप्रिल 2023 पासून. त्याआधीच्या गाडीच्या रबरी नळ्या, सील काय म्हणतात ते विचारा आधी.

(ऊस आमचाच, इथेनॉल आमच्याच कारखान्याचं. माझा ट्रॅक्टर आणि गाडी दोन्ही डिझेलवर. हसायचं त्याने हसावं.)

चारचाकी_आजी

हसले. पण 2023 च्या आधीची गाडी म्हणजे ई20 ला चालतच नाही असंही नाही. बऱ्याच कंपन्यांनी आधीच सामान बदललं होतं. पेट्रोलचं झाकण उघडलं की आत स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तेवढं वाचून घ्यावं.

पाना_भोसरी

माझं गॅरेज आहे, दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात, म्हणून कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. पण इथे सगळे इंधनाचा हिशेब करतायत आणि महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारलाच नाही: गाडी रोज किती वेळ सलग चालणार?

बीएस6 डिझेलमध्ये डीपीएफ असतो. धुरातली काजळी अडवणारी जाळी म्हणा. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळते, त्यासाठी आत 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालली की काम होतं, तुम्हाला कळतही नाही. आठ-नऊ किमी, तेही थांबत-थांबत, म्हणजे इंजिन पुरतं तापेपर्यंत ऑफिस आलं. गाडीने जाळायला सुरुवात केली आणि तुम्ही बंद करून लिफ्टमध्ये. असं वारंवार झालं की दोन गोष्टी होतात. एक, जाळी तुंबते. दोन, जाळण्यासाठी जे जादा डिझेल सोडलेलं असतं त्यातलं काही सिलिंडरच्या कडेने उतरून ऑइलमध्ये जातं, ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका.

हे झालं काजळीचं. राख वेगळी. ऑइलमधल्या घटकांची राख कधीच जळत नाही, ती किलोमीटरप्रमाणे साठतच जाते. म्हणून जुनी डिझेल घेताना स्कॅनर लावून काजळी किती, राख किती आणि शेवटचं रिजनरेशन (काजळी जाळणं) किती किमीपूर्वी पूर्ण झालं, हे आकडे बघायचे. नवीन डीपीएफचा खर्च लाखांत जातो. म्हणून काही जण जाळी आतून फोडून पोकळ करून घेतात, सॉफ्टवेअरमधून बंद करतात. बेकायदा आहे, पण होतं. ओळखायची सोपी खूण: सायलेन्सरच्या आत बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ राहतं. काळं झालं तर गाडी तिथेच सोडा. मागे क्रोमच्या नळ्या दिसतात त्या बऱ्याच गाड्यांत नुसत्या शोभेच्या असतात, खरी नळी आत खाली बघा.

पेट्रोलवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. आजच्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत सोडणाऱ्या झडपा) धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन बसतो. टर्बोची उष्णता जास्त, आणि कूलंटचे जोड, पंपाचे भाग प्लास्टिकचे. आपल्या उन्हात ते कडक होऊन तडकतात. हे वयानुसार येणारच.

आणि एक. या गाड्यांत खिसा रिकामा होतो तो बहुतेकदा इंजिनामुळे नाही. एअर सस्पेन्शन, 20 इंची टायर, ब्रेक डिस्क, एखादं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. ते डिझेल-पेट्रोल बघत नाहीत.

सह्यवाट

@पाना_भोसरी, माहिती चोख, पण धागालेखक महिन्यातून एकदा कराडला जातात. पावणेदोनशे किमी जायचं, तेवढंच यायचं. जाळी साफ व्हायला तेवढं पुरत नाही?

पाना_भोसरी

महिन्यातून एकदा? नाही. शहरातल्या अशा चालीत मधल्या काळात गाडी कित्येकदा जाळायचा प्रयत्न करून अर्धवट सोडेल. आठवड्यातून एकदा लोणावळ्यापर्यंत मोकळं पळवायची तयारी असेल तर डिझेल घ्या, माझी हरकत नाही. रोज चाकण किंवा तळेगाव करणाऱ्याला मी डोळे मिटून डिझेल सांगितली असती.

थेम्सकाठी

थोडं बाहेरचं. लंडनमध्ये यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचं शुल्क लावणारा भाग) आहे, 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सगळ्या भागांत. पेट्रोल गाडी युरो 4 (युरोपातला प्रदूषणाचा जुना दर्जा) असली तरी चालते, म्हणजे साधारण 2006 नंतरची कुठलीही. डिझेलला मात्र युरो 6 लागतं, नाहीतर रोजचे साडेबारा पौंड. नियम घट्ट होतात तेव्हा डिझेलवर आधी होतात. पाच वर्षांनी गाडी विकायची असेल तर हे डोक्यात ठेवा.

ऊसवाला_शिरोळ

लंडनचं राहू द्या, पुणे आहे इथं.

थेम्सकाठी

मग दिल्लीचं घ्या. तिथे एनजीटीनंतर (राष्ट्रीय हरित लवाद) सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा वर्षं असा फरक केलाच ना? त्याआधी डिसेंबर 2015 ते ऑगस्ट 2016 दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणीच बंद होती. 2025 मध्ये कोर्टाने मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं, ते नंतरचं.

सह्यवाट

महाराष्ट्रात दोन्हींना पंधरा वर्षं, पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण. दिल्लीच्या भीतीने इथे डिझेल सोडायची म्हणजे अती झालं. उलट त्या भीतीमुळेच दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. एनओसी आणि इथला रस्ता कर जमेस धरून सौदा जमत असेल तर घ्याव्यात, फक्त बँकेचा बोजा उतरलाय का ते परिवहनच्या नोंदीत बघून.

किंमतीवरून आठवलं. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मोठ्या एसयूव्हीवरचा कर सेससकट 50 टक्क्यांवरून 40 वर आलाय. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव टिकत नाही. डीलर अजून जुन्याच आकड्याला धरून बसला असेल तर बिनधास्त घासाघीस करा.

कर्वेनगरी

सगळ्यांचे आभार. ऑडीचं इंधनाचं झाकण उघडून बघितलं, ई20 चालेल असं लिहिलंय. बाबांना पाना_भोसरींचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग रोज ऑफिसला स्कूटर ने आणि गाडी गावाला वापर." त्यावर घरात वेगळाच वाद सुरू झालाय.

जीएलई अजून मनातून गेलेली नाही, मागची सीट फार ऐसपैस आहे. पण डीलर बाहेरच्या गॅरेजमध्ये स्कॅन करू द्यायला तयार नाही. म्हणतो, आमचा दोनशे पॉइंटचा रिपोर्ट आहे, तोच बघा.

पाना_भोसरी

त्या रिपोर्टमध्ये राखेचा आकडा आहे का विचारा. नसेल, आणि स्कॅन करू देत नसेल, तर उठून या.

सह्यवाट

उठायचं कशाला? एक वर्षाची लेखी वॉरंटी मागा, त्यात डीपीएफ आणि इंजेक्टर नाव घालून लिहून घ्या. नाही म्हणाला तर दोन लाख कमी करा म्हणावं.

चारचाकी_आजी

आणि दोन लाख कमी करून घेतलेली जाळी विद्यापीठ चौकात तुंबली की मग? धागालेखक, टेस्ट ड्राइव्हला बायकोला चालवू द्या. दोन्ही गाड्या, संध्याकाळी सहा वाजता, बाणेर रोडला.