कवटीवाला हुसार दिवाळीच्या किल्ल्यावर चालेल का?

नारायणपेठी
मंडळी, प्रश्न निम्मा रंगकामाचा आणि निम्मा घरगुती भांडणाचा आहे. जुन्या बाजारातून दीडशे रुपयांत एक बारा इंची शिपाई आणला. चेहरा झकास, मिशी कोरलेली, अंगात मात्र कुठल्याच सैन्याचा नसलेला हिरवा गणवेश. ठरवलं, याचा प्रशियाचा (जुन्या जर्मन राज्याचा) लाइब-हुसार, म्हणजे राजाच्या खास रेजिमेंटचा घोडेस्वार करायचा, पहिल्या महायुद्धाआधीचा. काळा कोट, छातीवर पांढऱ्या दोऱ्यांच्या पाच आडव्या रांगा, केसाळ टोपी आणि टोपीवर कवटी. जर्मन फील्डमार्शल माकेन्झनचा त्याच गणवेशातला प्रसिद्ध फोटो समोर लावून ठेवलाय.

पहिला कोट लोकरी कापडाचा शिवला, तर गडी रजई पांघरून बसल्यासारखा दिसायला लागला. मग मोडक्या छत्रीचं कापड घेतलं, ते अंगाला चापून बसलं. रांगांसाठी क्रोशाचा दोरा, फेव्हिकॉलच्या पाण्यातून काढलेला, म्हणजे टोकं पिंजारत नाहीत. टोपीला बायकोच्या जुन्या पर्सची फर (विचारून घेतली, कापल्यानंतर).

घोडं अडलंय कवटीपाशी. एम-सीलच्या तीन केल्या. पहिली बटाटावडा, दुसरी माकड, तिसरी बरी जमली होती ती बोटालाच चिकटून आली. त्यात आमचे बाबा (वय 78) म्हणतात, "ही हिटलरच्या लोकांची खूण. माझ्या घरात नको." आणि भाच्याला हा शिपाई किल्ल्यावर हवाय. कवटी कशी करू आणि बाबांना काय सांगू?

रिफिलवाला
टोपीवरच करत बसू नका. प्लॅस्टिकच्या कागदावर हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी ठेवा, बोट पाण्यात बुडवून दाबा आणि वीसेक मिनिटं हात लावू नका. ओल्या एम-सीलमध्ये कोरायला जाता म्हणून माकड होतं. जरा घट्ट झालं की रिकाम्या रिफिलचं टोक टेकवून डोळे, सुईने नाक, ब्लेडने दातांच्या चार रेघा. कवटीमागची फुलीसारखी दोन हाडं वेगळी वळा आणि मागून चिकटवा. रात्रभर वाळू द्या. मग चांदी रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ काळा, आणि लगेच कापडाने पुसून घ्या. खळग्यात काळं राहतं, उंचवटे चमकतात. डोळे काळे रंगवायला जाऊ नका, घुबड होतं.

खडकीकर
काकांचा राग अनाठायी नाही, पण कवटी-कवटीत फरक आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटने 1741 मध्ये उभारलेल्या पाचव्या हुसार रेजिमेंटच्या टोपीवर कवटी होती, म्हणजे हिटलरच्या दोनशे वर्षं आधी. त्या प्रशियन कवटीला खालचा जबडा नसतो. एसएसने (हिटलरच्या निमलष्करी दलाने) सुरुवातीला तीच उचलली आणि 1934 पासून जबडा असलेली स्वतःची काढली. नेटवर नुसतं "कवटी बॅज" शोधलंत तर बहुतेक जबडावालीच समोर येईल. ती बघून कोरू नका, नाहीतर काकांचंच खरं ठरेल. रिफिलवाल्यांच्या चार रेघा वरच्याच दातांच्या ठेवा, त्याखाली काही नको.

आणि जर्मन नकोच असेल म्हणून कुणी इंग्रजांची सतरावी लान्सर्स (भालेवाले घोडेस्वार) सुचवलीच, तर थांबा. 1759 ची रेजिमेंट, कवटी आणि खाली "ऑर ग्लोरी" (म्हणजे मरण किंवा कीर्ती), दिसायला देखणी. मी स्वतः केलीय. पण हीच रेजिमेंट 1858 मध्ये तात्या टोप्यांच्या पाठलागावर होती.

चुन्याची_डबी
किल्ल्यावर महाराज सिंहासनावर, खाली मावळे, गवळण, आणि बुरुजावर प्रशियाचा हुसार! शिवाय बारा इंची. तुमचा बुरुज केवढा आहे? मावळे त्याच्या घोट्याला लागतील.

नारायणपेठी
डबीसाहेब, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावळा मोजला, साडेतीन इंच. भाच्याला सांगितलं, तर म्हणतो, मग तो राक्षस करू.

रिफिलची युक्ती चालली. दुसऱ्या खेपेला कवटी जमली, बिनजबड्याची. बाबांनी भिंग लावून पाहिली, खडकीकरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कपाटात ठेव, दिवाणखान्यात नको." आता राहिला बूट. शिपायाच्या उजव्या पायाचा हरवलाय. कुणाकडे जादा आहे का?