मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाचं काय करावं?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततं. मागे राहिलेली पोरं आजी-आजोबांच्या भरवशावर. दुपारी शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते, पण रात्री काय? सहावीतल्या एकीची आजी डोळ्यांनी अधू. पोरगी स्वतःच चूल पेटवते, भाकरी थापते. सकाळी दप्तरालाही धुराचा वास असतो.

हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिलाय, मंजुरी येईल तेव्हा येईल. तोवर लोकवर्गणीतून रात्रीचं जेवण आणि पांघरुणं द्यायची आहेत.

तुमच्याकडे असं कुणी केलंय का? धान्य घरोघर मागितलं, की किराणावाल्याकडे खातं लावलं? बचत गटाच्या बायकांना स्वयंपाकाचं मानधन काय दिलं? पैसे समितीच्या खात्यात घ्यावेत, की जमाखर्चाची वेगळी वही ठेवावी?

आणि हो, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढणारे दाते नकोत. त्यांना न दुखावता नाही कसं म्हणायचं, तेही सांगा.